कवंडळाचा पाठ

“हात नको, आधी टॅब धर. बघूया, काय नाव सांगतो तो,” तेजस्विनी म्हणाली आणि इब्रामपूरच्या तिसरीची पोरं टेबलाभोवती गोळा झाली.

चतुर्थी तोंडावर आली होती. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी लोक रानातून आणतात, ती फळं तिने मांडून ठेवली होती. शिक्षिका होण्याआधीचा हा तिचा शेवटचा सराव पाठ. मागच्या बाकावर परीक्षक मॅडम होत्या. पाठ फसला तर वर्ष पाण्यात, या धास्तीने तिला सकाळी चहासुद्धा गेला नव्हता. टॅबशिवाय शिकवणं म्हणजे बैलगाडीने पणजीला जाणं, असं ती मैत्रिणींना ऐटीत सांगायची. आज त्या ऐटीचीच परीक्षा होती.

साईशने एका लालबुंद फळावर टॅब धरला. टॅब गोड आवाजात म्हणाला, “पिकलेलं तोंडलं. खाण्यायोग्य.”

तेजस्विनीने फळ ओळखलं. ते कवंडळ होतं. दिसायला देखणं आणि विषारी. हळर्णला तिच्या घरी माटोळी बांधून झाली की आई आधी सगळ्यांना हात धुवायला लावायची. पण टॅब चुकेल? की आपणच चुकतोय? मॅडम काहीतरी लिहीत होत्या. त्यांच्यादेखत टॅबला खोटं पाडायचं म्हणजे आपला पाठच मोडायचा. मग सांगू, असं मनाशी म्हणत ती शेजारच्या शेंगांकडे वळली.

“टीचर, साईशान खाल्ल्यान!” सेजल किंचाळली.

अर्धं फळ त्याच्या हातात होतं. तेजस्विनीने त्याच्या तोंडात बोट घालून गर बाहेर काढला. वर्गशिक्षक गुरुदास सरांनी गाडी काढली. आरोग्य केंद्र येईपर्यंत ती त्याला मांडीवर धरून बसली होती; त्याने डोळे मिटले की घाबरून हलवत होती. मॅडम, मार्क, काही आठवत नव्हतं. एवढी भीती तिला जन्मात वाटली नव्हती.

“कडू लागलं म्हणून गिळलं नसणार, पोटात फारसं गेलेलं नाही,” डॉक्टर तपासून म्हणाले. “तरी थोडा वेळ इथेच राहू दे.”

ती त्याच्या खाटेवर टेकली.

“तें कवंडळ म्हणान तुका खबर नासली रे?”

“आसली. आज्यान सांगलेलां, तोंडात घालू नको म्हणान.”

“मगे खाल्लंस कित्याक?”

“टॅब म्हणालो, खातत. आनी तुमी उगी रवल्यात.”

तिला रडू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर गुरुदास सर त्याच्या आईला फोन लावत होते.

दुपारी नर्सबाईंनी साईशला केळं दिलं. त्याने ते सोललं, तोंडापर्यंत नेलं आणि थांबला.

“टीचर, ह्यां खावचां मां?”

तेजस्विनीने केळ्याचा तुकडा मोडून आधी स्वतः खाल्ला. तिने तो गिळेपर्यंत साईश तिच्या तोंडाकडे बघत होता.