आठव्या प्रकरणात मेलेली सासू

माझी सासू ज्या दातांनी मला फाडून खाते, ते दात मीच बनवलेत. वरची कवळी, खालची कवळी, दोन्ही. धंदाच आहे माझा. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी साचा ओतते, मेणात दात बसवते, घासूनपुसून कवळी परत पाठवते. निम्मं गाव माझ्या जिवावर हसतं, पण मला ओळखतं कोण?

म्हणूनच असेल, मी कादंबरी लिहायला घेतली. त्याला नऊ वर्षं झाली. एका घराची गोष्ट. त्या घरात थोरली नावाची एक सासू, आणि ती हुबेहूब आमच्या सासूबाई. पहिल्या, अर्धवट राहिलेल्या खर्ड्यात ती जिवंत होती. मग एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि रागाच्या भरात मी थोरलीला आठव्या प्रकरणात मारून टाकलं. झोपेतच गेली बिचारी. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

दर शनिवारी सकाळी सातला माझ्या तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये आम्ही चौघं जमतो. लिफ्टवाला दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात खुनाच्या गोष्टी लिहितो. काटकोनबाई तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून आता मुलांसाठी लिहितात. अजूनही ताठ बसतात म्हणून काटकोन, पण तोंडावर नुसतं ‘बाई’. चौथे चष्मेवाले काका. मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. ते कविता करतात, त्याबद्दल आम्ही फार बोलत नाही. नियम असा की आठवड्याला दोन नवी पानं आणायची आणि ती शेजाऱ्याने मोठ्याने वाचायची. ज्याची पानं नाहीत त्याने वर्कशॉप झाडायचं. प्लास्टरची भुकटी नाकातोंडात जाते, दोन दिवस शिंका थांबत नाहीत. चार वर्षांत लिफ्टवाल्याने सतरा वेळा झाडलं, काकांनी नऊ वेळा, बाईंनी दोनदा. मी एकदाही नाही. ह्याचा मला भयंकर माज होता, खोटं कशाला बोलू?

आणि मग सासूबाई न्हाणीघरात पडल्या.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात त्यांचा पलंग खिडकीशी लागला. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. म्हणजे भांडं देणं, कूस बदलणं, औषधं, सगळं माझ्यावर. त्यांना हाक मारायचा कंटाळा. उशाशी स्टीलचा पेला ठेवलेला, त्यावर चमचा आपटायच्या. टण् टण् टण्. बिल्डिंगची लिफ्ट कायमची बंद, त्यामुळे मी दिवसातून वीस वेळा जिना चढउतार करत होते. लिहिणं गेलं उडत.

नेमकं तेव्हाच प्रकाशकाचं पत्र आलं. पहिली सात प्रकरणं त्यांना आवडली होती. सबंध कादंबरी पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत पोस्टात टाकली तर छापू, नाहीतर पुढच्या दोन वर्षांची यादी भरलेली आहे. नऊ वर्षं ज्या पत्राची वाट पाहिली ते आलं, आणि माझ्याकडे द्यायला काय होतं? मेलेलं आठवं, मरगळलेलं नववं, आणि पुढे कोरे कागद. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ना, तसं.

शनिवारी झाडावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं. मी पत्र्याच्या पेटीतून जुन्या खर्ड्याची दोन पानं काढली आणि ‘ही ह्या आठवड्याची’ म्हणून ठेवून दिली. कुणाला कळलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी, नऊ तारखेला, माझी पानं बाईंकडे आली.

“थोरलीने कप खाली ठेवला,” बाई खणखणीत आवाजात वाचू लागल्या, “आणि म्हणाली, आज चहात साखर कुणी टाकली नाही?” एवढं वाचून त्या थांबल्या.

लिफ्टवाला डोकं खाजवत म्हणाला, “ताई, थोरली तर गेली ना? आपण सगळे इथे बसून हळहळलो होतो की.”

“आठवण आहे ती,” मी म्हणाले.

“आठवणीतली बाई ‘आज’ म्हणत नाही गं,” बाई म्हणाल्या. त्यांनी कागद उजेडात धरला. कडा पिवळ्या पडलेल्या. काकांनी चष्मा काढून पुसला आणि नको तेवढा वेळ पुसत राहिले.

चोरी पकडली गेल्यावर गप्प बसावं, एवढी अक्कल मला नाही. मी उलट त्यांच्यावरच उखडले. “हो, जुनी आहेत! महिनाभर एक ओळ लिहिली नाही मी! वर बसून बघा एक दिवस, मग कळेल. नाही जमत मला. कळवते त्या प्रकाशकाला की नको, आणि तुम्हीही दुसरी जागा बघा.” आणि रडू आलं, ते वेगळंच. मी कोपऱ्यातला झाडू उचलला.

लिफ्टवाल्याने झाडूचं दुसरं टोक धरलं. “आधी बसा, ताई.”

बाईंनी तोवर प्लास्टरच्या रिकाम्या पिशवीवर पेन्सिलीने रकाने आखले होते. “एकवीस दिवस आहेत. सकाळी सात ते नऊ आमच्यापैकी एक जण वर बसेल, तू खाली लिहायचं. वार वाटून घेऊ.”

“माझ्या सासूला तुम्ही ओळखत नाही!”

“मी आठवी ‘ड’ला नऊ वर्षं शिकवलंय,” बाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

सोमवारी काका वर गेले आणि मी खाली कागदासमोर बसले. वर चमचा वाजला की माझा जीव वर. दोन तासांत चार ओळी झाल्या, त्याही खोडल्या. मंगळवारी लिफ्टवाला धापा टाकत तीन जिने चढला. बुधवारी बाई. असा आठवडा गेला. पण गंमत म्हणजे चमच्याचा आवाज हळूहळू कमी झाला. मला वाटलं, चला, कुणाच्या तरी पुढे म्हातारी नमली. मी मात्र नवव्या प्रकरणातच रुतून बसले होते. माणसं खिडकीशी उभी राहत होती, बाहेर बघत होती, पुन्हा बसत होती.

अठरा तारखेला नऊ वाजता वर गेले तर काका मान खाली घालून बसलेले, आणि त्यांच्या मांडीवर माझी कादंबरी. आमच्या शनिवारच्या मंडळाकडे असते ती प्रत. वेळ जावा म्हणून हे तिघं रोज सासूबाईंना वाचून दाखवत होते!

“ये इकडे,” सासूबाई म्हणाल्या. “मला मारलंस?”

“अहो आई, ती तुम्ही नाही. ती थोरली...”

“चहात साखर नाही म्हणून अख्ख्या घराला उठवणारी दुसरी कोण आहे? मला शिकवू नकोस.” त्यांनी दात नीट बसवले. हे लक्षण वाईट. “मरायचं सगळ्यांनाच आहे, त्याचं मला काही नाही. पण झोपेत? गुपचूप? मी मरेन ती चार जणांना सुनावून मरेन! आणि मी गेल्यावर तुझ्या त्या घराचं झालं काय? नवव्यात कुणी भांडतसुद्धा नाही. नुसते खिडकीतून बघत बसलेत मेले. काय बघतात एवढं?”

काका माझ्याऐवजी सासूबाईंकडे बघत पुटपुटले, “वहिनी, म्हणजे... आमचंही साधारण हेच मत होतं. पण सांगणार कोण?”

मी पलंगाच्या कडेवर बसले. रागाने, लाजेने कान तापले होते, आणि तरी हसू येत होतं. दीड महिना मी नशिबाला, वेळेला, खुब्याच्या हाडाला बोल लावत होते. आणि खरं काय, तर ज्या बाईच्या तोंडावर सगळी कादंबरी चालत होती, तिलाच मी गप्प केलं होतं.

“बारा दिवस आहेत, आई,” मी म्हणाले. “आठव्यापासून सगळं पुन्हा लिहावं लागेल.”

त्यांनी उशाशी हात घालून चमचा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “सात ते नऊ मला काही लागत नाही,” म्हणाल्या. “आणि थोरली पडली तर न्हाणीघरात नको पाडू. जिन्यावर पाड. जरा शोभेल.”

तो चमचा मी टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवला आणि लिहायला बसले. काय सांगू, थोरली उठली ती तोंड सोडतच उठली! मी लिहीत नव्हते, मागे पळत होते. दोन तास संपले की मी वर जाई, भांडी, औषधं, कवळ्या, सगळं करी, आणि हात काम करत असताना डोक्यात थोरली बोलत असे. कामाचा पूर्वी राग यायचा. आता वाटायचं, हेच तर उद्या लिहायचंय.

तिकडे लिफ्टवाल्याचे गुडघे बोलू लागले. चार वर्षं ‘ही लिफ्ट आमच्या कंपनीची नाही’ म्हणणारा माणूस रोज जिने चढून कंटाळला. बिल्डिंगच्या मालकाची परवानगी काढून त्याने स्वतःच्या सुट्टीत लिफ्ट चालू केली.

म्हणून तीस तारखेच्या शनिवारी सकाळी सातला लिफ्टचं दार उघडलं आणि सासूबाई चाकाच्या खुर्चीतून वर्कशॉपमध्ये आल्या. काकांनी करून दिलेला नवा चष्मा नाकावर, माझे दात तोंडात. शेजाऱ्याने वाचायचा नियम. शेजारी आज त्या होत्या. शेवटची दोन पानं त्यांनी वाचली, अडखळत, मध्ये दोनदा ‘बरोबर आहे माझं’ असं स्वतःलाच म्हणत. शेवटची ओळ संपली तेव्हा काका उघडउघड रडत होते. बाईंनी टाळी वाजवली, एकच, वर्ग संपल्यासारखी. झालं होतं. नऊ वर्षांचं झालं होतं! मला नाचावंसं वाटत होतं.

“हिची पानं झाली,” सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “तुमची कुठेत?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाकडेच एक ओळ नव्हती. असणार कशी? तीन आठवडे त्यांच्या सकाळी तिसऱ्या मजल्यावर गेल्या होत्या. लिफ्टवाला निमूट झाडूकडे निघाला.

मी आधी पोचले. “खबरदार,” म्हणाले, आणि झाडायला लागले. टेबलाखालून, साच्यांच्या फळीमागून, सगळीकडून. भुकटी डोळ्यांत गेली, शिंका आल्या, आणि इतकं छान मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“कोपऱ्यात राहिलंय,” सासूबाई म्हणाल्या.

कोपरा झाडून आम्ही पाचही जण पोस्टात गेलो. पुडकं सासूबाईंच्या मांडीवर, त्या कुणाला हात लावू देईनात. खिडकीमागच्या कारकुनाने ते घेतलं, वजन केलं, आणि सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, “आत काय आहे?”

मी पाकिटातून पैसे मोजत होते.

“मी आहे,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “जिवंत. आपटू नकोस.”