कोरड्या बुटांची नोंद

नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, डोंगरातल्या पाणमोजणी चौकीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मामांच्या स्वयंपाकघरात त्यांचा गणिती भाचा येऊन बसला. सहा वर्षांत प्रथमच. मामींनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि "साहेबांना साखर किती?" असे विचारून नाते कुठवर आले आहे ते एका वाक्यात सांगून टाकले.

ज्यासाठी आला होता ते सांगायला त्याची जीभ रेटेना. सहा वर्षांपूर्वी जलविभागासाठी त्याने या नदीच्या खोऱ्यात दरसाल किती पाणी मिळेल याचे संगणकीय प्रतिमान बांधले होते. पाया चौकीवर पाणी मोजणाऱ्या मामांच्या तीस वर्षांच्या रोजच्या नोंदींचा. त्यांत काही वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर शून्यांच्या रांगाच लागलेल्या. नकाशात नदी बारमाही. मग शून्य कसे? मामांनी चौकीवर जायचा कंटाळा केला असणार, असे तो धरून चालला. शून्ये पुसून तिथे सरासरी भरली आणि अहवालात 'निरीक्षक बेभरवशाचा' असा शेरा मारला. त्या शेऱ्याने मामांची नोकरी गेली. त्या सरासरीवर खालच्या शहराचा जलाशय उभा राहिला, आणि यंदा त्याचा तळ उघडा पडला होता.

त्याने चाचरत सारे कबूल केले. मामांनी फळीवरची वही काढून त्याच्या पुढ्यात सरकवली. प्रत्येक शून्यापुढे बारीक अक्षरांत लिहिले होते : 'पात्र चालत ओलांडले. बूट कोरडे.' विभागाच्या छापील तक्त्यात अशा मजकुराला रकानाच नव्हता. वर गेले ते नुसते शून्य.

"विचारायचंस तरी," मामा म्हणाले. "फोन होता की घरात."

विचारले तर मामा सारवासारव करतील, असे त्याला तेव्हा वाटले होते. आता त्यांच्याच टेबलाशी बसून ते सांगणे त्याला जमेना. सुधारित अहवाल लिहितो, शेरा मागे घेतो, तुम्हाला परत चौकीवर घ्यायला लावतो, असे काहीबाही तो बोलत राहिला.

मामांनी सुजलेल्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि वही मिटून त्याच्या हाती दिली.

"अहवाल लिही. खालच्या लोकांना खरं कळू दे. चौकीची उतरण मला आता झेपत नाही. तू हुशार आहेस, बाबा. पण पाणी मोजायला मी तुला ठेवलं नसतं."