तोंडातले खिळे

“कधी गिळलात?” एक्स-रे उजेडासमोर धरत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सोफे-खुर्च्या मढवणारा कारागीर पोट धरून पडला होता. एक्स-रेमध्ये बारीक खिळा स्पष्ट दिसत होता. त्याची बायको बघतच राहिली. गॅस झालाय म्हणत हा माणूस दोन दिवस कोमट पाणी पीत होता आणि तिनेही त्यावर विश्वास ठेवला होता.

शेवटी त्याने कबूल केलं. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे धरायचे कुठे? ओठांत. त्याच्या उस्तादाचीही तीच रीत. काम करताना शिंक आली आणि एक खिळा आत गेला. पूर्वीही एक गेला होता. तो आपसूक पडून गेला, म्हणून हाही जाईल असं तो धरून चालला.

“आणि मला सांगायचं नाही?”

“तू घाबरली असतीस.”

“मग आता काय नाचतेय का मी?”

खिळ्याने आतडं फाडलं होतं आणि आतली घाण पोटात पसरत होती. ऑपरेशन लगेच करावं लागेल, पण खात्री देता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याला आत नेल्यावर ती बाहेरच्या बाकावर बसून मनातल्या मनात त्याला शिव्या घालत राहिली. शिव्या थांबल्या की रडू यायचं. कामात असला की तो तिला नुसता ‘हं’ एवढंच उत्तर द्यायचा, आणि तो कायमच कामात असायचा. तेवढं तरी पुन्हा ऐकायला मिळेल ना, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला होता.

तो वाचला. आतड्याचा तुकडा मात्र कापावा लागला. अंगात जरा ताकद आल्यावर तो कारखान्यात जायला निघाला, तेव्हा तीही चपला घालून निघाली. तिथे तिने खिळ्यांची वाटी मांडीवर घेतली. दर खिळ्याला तो हातोडी खाली ठेवून हात पुढे करी आणि ती एक खिळा देई. काम रखडत होतं. तो चिडत नव्हता, याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

“अहो, पाणी देऊ?”

“हं.”

तिने झटकन वर पाहिलं. “नीट बोला. काय आहे तोंडात?”

ताणलेलं कापड न सोडता तो तिच्याकडे वळला आणि त्याने मोठा आ केला. तिने वाकून नीट पाहिलं, जिभेखालीसुद्धा. मग पुढचा खिळा त्याच्या तळहातावर ठेवला.