हीटरवरचा आळ

डॅशबोर्डाचा शेवटचा स्क्रू मेहुण्याच्या बोटांत आला, तेव्हा दाजींच्या हातातली बॅटरी गॅरेजच्या छपरावर उजेड पाडत होती.

"दाजी, गाडी खाली आहे," गाडीच्या पोटातून मेहुणा म्हणाला.

दाजींनी उजेड खाली आणला, पुन्हा हलवला, मग बॅटरी टपावर ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारली. सकाळपासून एवढ्या चकरा देवाभोवती घातल्या असत्या, तर एव्हाना तो पावला असता.

मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. गॅरेज त्याचंच. तो दाजी म्हणे म्हणून त्याचे कारागीर म्हणू लागले, मग गिऱ्हाइकं, आणि शेवटी सगळी गल्ली. एवढ्या मोठ्या सासुरवाडीचं जावईपण निभावायचं म्हणजे जोखमीचं काम. पण दाजींनी ते निभावलं होतं. गाडी लग्नापेक्षा थोडी जुनी होती आणि, दाजींच्या मते, बायकोपेक्षा जास्त ऐकणारी.

हीटरचं कोअर म्हणजे वहीएवढा एक रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि गाडीत ऊब येते. ते गळू लागलं की गोडसर वास सुटतो आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं धरतं. जीव एवढासा, पण दडवलेलं असं, की एक दाढ काढायला अख्खं तोंड उतरवून टेबलावर ठेवावं लागावं.

आणि सगळी भिस्त त्या एवढ्याशावर होती. थंडीच्या तोंडाशी दाजींची बायको आठवडाभर बहिणीकडे गेली होती. त्या आठवड्यात दाजींनी फाटकाचा खांब खरवडला, आणि भर रस्त्यात एका टपालपेटीला 'आधी तुम्ही जा' असा हात करून बराच वेळ वाट पाहिली. मागे खोळंबलेल्या रांगेत मुलीच्या ऑफिसातलाच एकजण होता. मुलीनं लगेच गाडीला गिऱ्हाईक शोधलं. दाजी म्हणाले, माझे डोळे ठणठणीत आहेत, काच धुरकटते, सगळा दोष हीटरचा. मुलगी म्हणाली, बरं, हीटर दुरुस्त करा. काच स्वच्छ राहिली तर मी विकायचं नाव काढणार नाही. नाहीतर किल्ली माझ्याकडे.

आज दुपारी ती येणार होती.

"वास तर मलाही येतो," बायको म्हणाली. ती स्टुलावर बसून दाजींच्या कोटाचं बटण लावत होती.

"ताई, दूध करपून भांडं कोळसा होतं तरी तुला पत्ता नसतो."

"गाडीतला येतो," ती म्हणाली आणि एका झटक्यात सुईत दोरा ओवून मोकळी झाली.

गाडीत ती नेहमी बसायची त्या सीटपुढची चटई मेहुणा चाचपत होता. उजव्या पायाच्या जागी, ड्रायव्हरपुढे ब्रेक असतो तिथंच, चटईला भोक पडून खालचा पत्रा चकाकत होता.

"बघ!" दाजी म्हणाले. "पाणी ठिबकून ठिबकून कुजली."

"कोरडी ठणठणीत आहे, दाजी. कुजली नाही, झिजलीय."

"मग पाय घासत बसते ही. पाय चालतात आणि तोंडही चालतं. हिला शेजारी घेतलं की रेडिओ नको. अहो, डावीकडं सायकल. अहो, म्हातारी निघाली बघा. अहो, पुढे खड्डा. जन्मात कधी वाक्य पुरं करू दिलं नाही मला."

"गप्प बसवत नाही मला," बायकोनं दोरा दातानं तोडला. "सवय."

कोअर बाहेर निघालं. हिरवट, पोचे आलेलं, पण अंगानं धड. मेहुण्यानं त्याचं एक तोंड बुचानं बंद केलं, दुसऱ्याला हवेची नळी लावली आणि ते पाण्याच्या बादलीत बुडवलं. गळत असेल तर बुडबुडे येणार, नसेल तर नाही. इतका स्पष्ट न्याय कोर्टातसुद्धा मिळत नाही.

बुडबुडे आले नाहीत.

"हवा वाढव," दाजी म्हणाले.

मेहुण्यानं वाढवली.

"उलटं धर."

त्यानं उलटं धरलं. दाजी गुडघ्यांवर बसले आणि इतके वाकले, की नाक पाण्याला लागायचं बाकी राहिलं.

"तो बघ! तळाशी! बुडबुडा!"

मेहुण्यानं पाण्यात हात घातला आणि तो बुडबुडा काढून दाजींच्या तळहातावर ठेवला. तो एक नट होता.

दाजींनी नट पुसला, तो टपावर ठेवला, तिथून उचलून खिशात घातला, मग पुन्हा टपावर ठेवला. गाडीभोवती चक्कर मारायला निघाले आणि अर्ध्यातच थांबले.

"नवं कोअर आणलंच आहे मी," मेहुणा पाण्याकडे बघत म्हणाला. "बसवून टाकतो. जुनं गळत होतं म्हणून सांगू."

"खोटं सांगायचं?"

"गरम झाल्यावरच गळत असेल एखादं. मी काय त्याच्या पोटात शिरलोय?"

"तेही खरंच," दाजी म्हणाले.

बायकोनं दुसरं बटण लावायला घेतलं. ते मुळात तुटलेलं नव्हतं.

मुलगी आली तेव्हा डॅशबोर्ड जागेवर बसला होता आणि मेहुणा हात पुसत होता.

"काय मामा, सापडलं?"

"सापडलं की. चाळण झाली होती."

"मी सांगत नव्हते?" बायको म्हणाली.

मुलीनं तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिघंही इतके प्रामाणिक दिसत होते, की कोणालाही संशय यावा.

"आधी मी चालवते," ती म्हणाली. "काच मला बघायचीय."

आई सवयीनं पुढे आपल्या जागेवर बसली. दाजी मागे. स्वतःच्या गाडीत मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत तेच कळेना. त्यांनी पुढच्या सीटची पाठ धरली, सोडली, पुन्हा धरली.

गाडी बाजारातून निघाली, वस्ती मागे टाकून चढाला लागली. हीटरचा गरम वारा सुटला. काच आरशासारखी लख्ख. एक हातगाडी एकदम कुठूनशी बाजूला उगवली आणि मागे गेली. दाजींना वाटलं, आता ही बोलेल. ती बोलली नाही. मग एक सायकल आली, तीही चाकाजवळ आल्यावरच दाजींना कळली. वळण आलं. खड्डा आला, तो दाजींना बसल्याजागी समजला. पुढच्या सीटवरून चकार शब्द नाही.

दाजी पुढे वाकले. बायकोनं चपला काढून ठेवल्या होत्या आणि पाय एकमेकांवर टाकून ती आरामात बसली होती. चटईचं भोक मोकळंच होतं. तोंड बाजूच्या खिडकीकडे.

"अगंबाई! इथं तळं आहे?"

"आई, काहीतरीच काय! मी शाळेत होते तेव्हापासून आहे. दर रविवारी तुम्ही दोघं इथूनच जाता ना?"

"जातो की. लक्षच गेलं नाही कधी." ती काचेला कपाळ टेकून बघत राहिली. "बगळे केवढे आहेत गं!"

दाजींनीही तिकडे पाहिलं. तिथे काहीतरी पांढरं होतं. काच स्वच्छ होती.

चढ संपल्यावर मुलीनं गाडी कडेला घेतली, बंद केली आणि किल्ली मागे धरली.

"घ्या बाबा. जिंकलात. एक ठिपका धरला नाही काचेवर. परतताना तुम्ही चालवा."

दाजींनी किल्ली घेतली. उलटीसुलटी करून पाहिली, डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ आणून. नंतर ती मुलीच्या हातात परत ठेवली.

"तूच चालव."

"आता काय झालं? मागे लागला होतात ना इतके दिवस?"

"मी चालवताना ही सारखी बडबडते," दाजी म्हणाले. "तळं बघायचं राहून जातं."

बायकोनं मागे वळून पाहिलं नाही. काढून ठेवलेल्या चपला मात्र तिनं पायानंच सीटखाली आणखी आत सारल्या.