भिंतीवरचा बांध

मित्रांनो, मी बेंबळीजवळच्या एका अंगणवाडीची जुनी भिंत आहे. दगडमातीची, वरून सिमेंटचा गिलावा. लेकरं मला टेकून खिचडी खातात आणि हात मलाच पुसतात. त्याचा कधी राग आला नाही. एका गोष्टीचा मात्र आला, तो अजून गेलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात गावातली गौरी चित्रकला शिकून परत आली आणि तिने माझ्यावर गावाचं रान रंगवलं. करडईचे पिवळे त्रिकोण, ज्वारीचे हिरवे चौकोन, जांभळ्या तुकड्यांचा डोंगर. सगळं कोनाकोनांत मोडलेलं, तरी पाण्याची टाकी ओळखू यायची, देवळाचा कळसही. लेकरं बोट लावून आपापलं रान दाखवायची. ओल्या रंगाचं बोट कुणी तोंडात घालील म्हणून गौरी तिथंच बसून राहायची.

एकदा नात समृद्धीला न्यायला बलभीमआबा आले आणि माझ्यासमोर थबकले.

"गौरे, माझा बांध असा तिरका कुठं हाय गं?"

"आबा, बांध न्हाय तो. चित्रातली रेघ हाय."

"रेघच की. तिकडून व्यंकटचं रान सुरू होतंय. माझी पट्टी गेली त्यात."

शेजारच्या रानाचे व्यंकटकाका मागंच उभे होते. "पोरीनं मोजणी लई बरोबर केलीय," म्हणत त्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

झालं. दुसऱ्या सकाळी गौरी यायच्या आत आबांनी चुन्याची बादली आणली. आपलं रान, व्यंकटकाकांचं रान, मधली रेघ, सगळं पांढरं केलं. कुणाला विचारलं नाही. खाली लेकरं बसतात, एखाद्याच्या डोळ्यांत चुना गेला असता तर? तेवढंही सुचू नये? चित्राचा सातबारा करून टाकला.

गौरी आली आणि बघतच राहिली. समृद्धी माझ्यावर बोट फिरवत होती.

"आबा, आपलं रान कुठंय?"

आबा खाकरले. "गौरे, काढ परत. तेवढा बांध सरळ कर."

"काढीन तर होतं तसंच काढीन, आबा. न्हायतर पांढरंच राहू द्या."

"राहू द्या की," व्यंकटकाका म्हणाले. "आता दोघांलाबी रान न्हाय. भांडण मिटलं."

आबा हसले नाहीत.

मित्रांनो, चित्र पटलं नाही तर काढणारीशी भांडा, खुशाल तोंडावर भांडा. तिच्या माघारी पुसू नका. गौरीने रंगांचे डबे अजून आत ठेवले आहेत. "तुला दिसतं तसं काढ," एवढंच आबांनी म्हणायचं राहिलं आहे.