खुंटाळ्याचा निखळलेला पाय

मित्रांनो, शिकागोतल्या एका छोट्या युक्रेनियन हॉटेलच्या दाराशी कोट सांभाळत उभा असलेला मी एक जुना लाकडी स्टँड आहे. मला आठ हूक आणि तीन पाय आहेत. त्यांतल्या एका पायाची हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

मला मालकांच्या वडिलांनी घडवलं. ते हाडाचे सुतार. १९६१च्या हिवाळ्यात त्यांनी हे सात टेबलांचं हॉटेल काढलं, तेव्हा मेपलचं लाकूड तासून, एकही स्क्रू न वापरता, नुसत्या सरसावर त्यांनी मला जोडलं. बीटाचं सूप प्यायला येणारी माणसं आधी मला न्याहाळत. एक बाई तर नवऱ्याला म्हणाल्या, "बघ कसा ताठ उभा आहे! शीक जरा." त्या दिवशी मी आणखीच ताठ झालो.

पुढे एक पाय सांध्यात ढिला पडला. आताच्या मालकांनी, बोहदान यांनी, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. ती दबली की दुसरी. अशी सहा वर्षं गेली.

मग २००६चा जानेवारी उजाडला. बोहदानच्या मुलाला, मार्कोला, अनया नावाच्या मराठी मुलीशी लग्न करायचं होतं. एका रविवारी दुपारी ती आपल्या आईबाबांना नेपरव्हिलहून जेवायला घेऊन आली. दोन्ही घरांची ही पहिलीच भेट.

तिचे बाबा गुरुदत्त निवृत्त इंजिनिअर. कोट अडकवताना त्यांनी मला हलवून पाहिलं. "अगं नीला, हे खुंटाळं डुलतंय."

"अहो, आज तरी कशाला हात लावू नका," नीलाताई कुजबुजल्या.

"बाबा, प्लीज. नो फिक्सिंग टुडे," अनया म्हणाली.

"बरं. जेवायचं आणि निघायचं. हो-नाही घरी जाऊन ठरवू." हे मी ऐकलं आणि माझ्या लाकडात कुठेतरी कुरकुरलं.

माझ्या शेजारच्याच टेबलावर जेवण सुरू झालं. नीलाताईंनी सूपमध्ये मांस नाही ना, असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा बोहदानचे कान लाल झाले. "आमच्या नाताळच्या आदल्या दिवशीही आम्ही मांसाला शिवत नाही. तेच सूप आहे हे."

सगळे आपापलं सूप ढवळू लागले.

"तुम्हाला बर्फ आवडतो?" बोहदाननी विचारलं.

"नाही," गुरुदत्त म्हणाले.

मार्को अनयाकडे बघत होता, अनया चमच्याकडे. शेवटी बोहदान सिगारेटच्या निमित्तानं बाहेर गेले. परत आले ते रागातच. बर्फानं भिजलेला मेंढीच्या कातड्याचा जड कोट त्यांनी माझ्या ढिल्या बाजूला फेकला.

मित्रांनो, मी फार प्रयत्न केला. पण पुठ्ठा सटकला, पाय निखळला आणि पाच कोटांसकट मी टेबलावर आडवा झालो. माझं डोकं थेट सूपच्या भांड्यात! गुरुदत्तांचा पांढरा शर्ट गळ्यापासून खाली लालभडक झाला.

गुरुदत्तांनी शर्टाकडे पाहिलंच नाही. ते माझ्या पायापाशी गुडघे टेकून बसले. "मी म्हटलंच होतं. दोन स्क्रू मारा."

"स्क्रू?" बोहदान कडाडले. "माझ्या बाबांनी एक स्क्रू वापरला नाही. सरस लावायचा."

"मग दाबून कोण धरणार? क्लॅम्प आहे?"

क्लॅम्प नव्हता. मग सांध्यात सरस भरून एका बाजूनं गुरुदत्तांनी आणि दुसऱ्या बाजूनं बोहदाननी मला दाबून धरलं. पाऊण तास सोडायचं नव्हतं. उठून जाता येईना, म्हणून दोघं बोलू लागले. हात अडकलेले, म्हणून बटाटा भरलेले उकडलेले वारेनिकी नीलाताई नवऱ्याला भरवत होत्या आणि मार्को बापाला. गुरुदत्तांनी अकरा खाल्ले.

"इतकी वर्षं दुरुस्त का नाही केलं?" त्यांनी विचारलं.

बोहदान सांध्याकडे बघत म्हणाले, "बायको रोज सांगायची. मी म्हणायचो, उद्या. चार वर्षांपूर्वी ती गेली. मग सांगणारंच कुणी राहिलं नाही."

गुरुदत्तांनी आपली बाजू आणखी दाबली. ते म्हणाले, "जरा घट्ट धरा. तुमची बाजू सुटतेय."

"यांचं ऐकू नका हो," नीलाताई बोहदानना म्हणाल्या. "आमच्या घरचा नळ चौदा वर्षं गळतोय. तो पण उद्याच होणार आहे." त्यावर बोहदान असे हसले, की मी पुन्हा निखळता निखळता वाचलो.

निघताना गुरुदत्तांच्या अंगात बोहदानचा भरतकाम केलेला शर्ट होता. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"पुढच्या रविवारी बघायला येतो," ते म्हणाले.

"मार्कोला?" बोहदाननी जपून विचारलं.

"छे. सांध्याला. मुलगा बघून झाला."

अनयानं तोंडावर हात धरला. मार्कोनं सूप पुसायचं फडकं घेऊन विनाकारण माझं डोकं चौथ्यांदा पुसलं.

जूनमध्ये लग्न झालं. मला कुणी नेलं नाही. जूनमध्ये कोट कोण घालतं?

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं लाकूड कुरकुरत असेल, तर आजच त्याच्यापाशी बसा. आणि शक्यतो एकटे बसू नका. सरस वाळायला वेळ लागतो.