राखणदाराकडे मागितलेली रजा

बाबलीला लग्न करायचं होतं आणि सगुण कंत्राटदाराला स्विमिंग पूल पुरा करायचा होता. दिल्लीचा मालक नाताळात पोहायला येणार. गोव्यातल्या या कोरगावच्या नळाला पाणी नाही, बायका टँकरमागे कळशा घेऊन धावतात, आणि इथे डोंगर कापून हे निळं तळं कोणाच्या बापासाठी, असं विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याच्या हातातली थापी जाते. म्हणून बाबली मुकाट लाद्या बसवत होता.

गडी सावंतवाडीकडचा, चाळिशीला टेकलेला. आधी मुली म्हणायच्या, मुंबईवाला हवा. आता विचारतात, "गोव्यात परमनंट आसा काय?" बाबली गोव्यात परमनंटच होता, नोकरी तेवढी परमनंट नव्हती.

तरी एक स्थळ टिकलं होतं. सिद्धी, काजूच्या कारखान्यात कामाला. तिनेच फोन करून सुनावलं, "दोनदा बाबा चाय ठेवन वाट बघीत बसले. ह्या आयतवारी इलात नाय, तर माझ्या फोटोवांगडा लगीन लावा."

बाबलीने सगुणकडे रजा मागितली.

"चेडूं खंय पळून वता रे?" सगुण म्हणाला. "पूल पुरो कर. मागीर लग्न कर, न्हय तर जीव दी."

आता उरला राखणदार, शिवेवरचा देव. प्लॉटच्या कोपऱ्यात सातविणीच्या झाडाखाली त्याचा धोंडा होता. दिल्लीवाल्याला तो हलवून तिथे बागेतला विजेचा दिवा लावायचा होता, पण सरकारी साहेबाला न भिणारा सगुण त्या धोंड्याला भ्यायचा. त्याने मालकाला हात जोडून ती जागा सोडायला लावली होती.

संध्याकाळी काम सुटल्यावर बाबलीने धोंड्यापुढे बिडी ठेवली, बाटलीतला थोडा सोरो, म्हणजे दारू, ओतला. नैवेद्याचा रोट कोण भाजून देणार? पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, शिळी पोय ठेवली. पण खरी अडचण पुढेच होती. एकटा माणूस रडू शकतो, शिव्या देऊ शकतो. गाऱ्हाणं घालू शकत नाही. मागे उभं राहून दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कोणी लागतं. गावी अख्खी वाडी उभी राहते. इथे होते हाताखालचे मजूर सोमरा आणि जितन, दोघेही झारखंडचे.

"मतलब क्या इसका?" सोमराने विचारलं.

"मतलब, हाँ मालिक."

"वो तो दिन भर बोलते हैं."

"ये मालिक सुनता है!" बाबली डाफरला आणि डोळे मिटून सुरू झाला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझा लेकरू मुलूख सोडून तुझ्या शिवेत पोट भरूक इला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मेरा भी बोलो," जितन कुजबुजला. "माँ को देखना है."

"ह्या जितनाक आवशीची भेट घडव, म्हाराजा!"

"हमारा भी," सोमरा म्हणाला.

"क्या चाहिए?"

सोमरा विचारात पडला. त्याला असं कोणी विचारलंच नव्हतं. "पता नहीं. कुछ बढ़िया."

"ह्या सोमराक काय तरी बरा दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबलीला आता जोर चढला. "आणि जो कोण सगुण कंत्राटदार वाटेत आडवो पडलो आसा, तेका सुबुद्धी दी! तो ह्या आयतवारी बाबलीक रजा देतलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला आवाज तीन आले. तिसरा सगळ्यांत मोठा, आणि अस्सल पेडण्याचा.

बाबलीने डोळे उघडले. मागे सगुण उभा. काम बघायला आला, गाऱ्हाणं कानावर पडलं, चपला आपोआप सुटल्या, हात जोडले गेले. जन्मभर दर जत्रेत म्हटलेलं. जीभ अकलेच्या पुढे धावली.

"फसयलंस माका!" सगुणचा चेहरा पांढराफटक.

"मी खंय? तुमीच म्हटलात. देवासमोर."

"परतून घाल! उलट्यान गाऱ्हाणा घाल!"

"घालतंय की. पण मागसून व्हय कोण म्हणतलो?"

सगुणने सोमराकडे पाहिलं. "बोल रे!"

सोमराने तोंड घट्ट मिटलं. जितनने तर वर हातही ठेवला. दिवसभर हाँ मालिक म्हणणारी ही दोन तोंडं, आणि आज त्यांतून हुंकार निघेना.

सगुण धोंड्याकडे बघून गालात मारून घेऊ लागला. "आयतवार दिलो," तो शेवटी पुटपुटला. "एक दीस. सोमारी सकाळी हांगा दिसपाक जाय."

जितन बाबलीला कोपराने ढोसत होता. "मेरे वाले पर मालिक बोले थे क्या?"

"नहीं. तब आये नहीं थे."

"तो फिर से बोलो ना. अभी खड़े हैं."

बाबलीने घसा खाकरला. "बा देवा राखणदारा..."

सगुण चपला हातात घेऊन स्कूटरकडे पळत सुटला होता.